वाय-फायची घरगुती व्याप्ती (सातारा व सांगली जिल्हे)

घरगुती वाय-फाय व्याप्ती म्हणजे घरात बसविलेल्या राउटरमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी घराच्या, अंगणाच्या आणि लगतच्या शेताच्या ज्या भागात उपयोगी पडण्याइतक्या सबळ राहतात तो परिसर होय. बोलीभाषेत यालाच ‘वाय-फायची रेंज’ म्हणतात. ही व्याप्ती कशामुळे घटते व कशी वाढविता येते याची माहिती प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील घरबांधणी, पीकपाणी व हवामान यांच्या संदर्भाने दिली आहे. या जिल्ह्यांच्या एका टोकाला महाबळेश्वरचा जांभा दगड व अतिवृष्टी आहे, तर दुसऱ्या टोकाला जत-आटपाडीचे कोरडे माळरान. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातील बहुतेक घरप्रकार येथे पाहावयास मिळतात.

घरात नेट नीट चालत नाही म्हणून अधिक वेगाचा व अधिक किमतीचा मासिक प्लॅन घेण्याकडे सर्वसाधारण कल असतो. प्रत्यक्षात घरापर्यंत आलेल्या फायबरचा वेग पुरेसा असून खरी अडचण शेवटच्या तीस-चाळीस फुटांत, म्हणजे राउटर आणि हातातील फोन यांच्यामधल्या भिंतींत असते, असे वारंवार आढळते. अशा वेळी प्लॅन बदलल्याने पैसे तेवढे जातात. मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे शाळा बंद होऊन वर्ग मोबाइलवर भरू लागले, तेव्हा या प्रश्नाची तीव्रता प्रथमच घरोघरी जाणवली. ओसरीवर सुरळीत चालणारा वर्ग माजघरात तुटक ऐकू येई, आणि घरात अभ्यासाची शांत जागा नेमकी माजघरातच असे. शाळा पुन्हा भरल्या तरी प्रवेशअर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पीकविम्याची नोंदणी आणि दूर राहणाऱ्या मुलांशी आईवडिलांचे बोलणे या गोष्टी घरच्या वाय-फायवर येऊन ठेपल्या आहेत.

संज्ञा

‘वाय-फाय’ हे कोणत्याही शब्दसमूहाचे लघुरूप नाही. १९९९ मध्ये या तंत्रज्ञानाच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या संघटनेने इंटरब्रँड या नामकरण करणाऱ्या कंपनीकडून ते व्यापारी नाव करून घेतले. त्यामागील तांत्रिक मानक ८०२.११ या क्रमांकाने ओळखले जाते व ते १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले.

‘व्याप्ती’ हा शब्द न्यायशास्त्रातला आहे. जेथे धूर तेथे अग्नी, अशा नित्य साहचर्याला तेथे व्याप्ती म्हणतात. वाय-फायच्या बाबतीत मात्र फोनवरील पट्ट्या पूर्ण दिसत असूनही पान उघडत नाही, असे पुष्कळदा घडते. धूर आहे, अग्नी नाही. याचे कारण पुढील विभागात आले आहे.

लहरींचा घरातील प्रवास

घरगुती वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरींची सुमारे साडेपाच सेंटिमीटर असते. लांब लहरी भिंतीतून तुलनेने कमी झीज होऊन पार पडतात. आखूड लहरी अधिक माहिती वाहून नेतात, पण लवकर थकतात. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीचा वापर २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा मोठा भाग घरात व घराबाहेर वापरण्याची मोकळीक ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने मिळाली.

संकेताची झीज डेसिबल या एककात मोजतात. ३ डेसिबल झीज झाली म्हणजे शक्ती निम्मी उरते, १० डेसिबल झाली म्हणजे एक दशांश आणि २० डेसिबल झाली म्हणजे एक शतांश. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल जातात. लाकडी दार ३-४ डेसिबल घेते, विटांची साधी भिंत ३ ते ६, तर काँक्रीटची भिंत किंवा स्लॅब १० ते १५ किंवा त्याहूनही अधिक. हे आकडे २.४ गिगाहर्ट्झसाठीचे व ढोबळ आहेत. ५ गिगाहर्ट्झला झीज यापेक्षा बरीच जास्त होते. धातूचा सलग पत्रा लहरींना जवळजवळ पूर्ण परत फिरवितो. आरशामागे धातूचा मुलामा असल्याने मोठा आरसाही तेच काम करतो. पाणी या लहरी शोषून घेते. म्हणून पाण्याची टाकी, ओल धरलेली भिंत आणि हिरवे उभे पीक हे तिन्ही अडथळेच ठरतात.

फोनवर दिसणाऱ्या पट्ट्या राउटरचा आवाज फोनला किती ऐकू येतो एवढेच सांगतात. परंतु इंटरनेटचा व्यवहार हा संवाद आहे. फोनचे बोलणेही राउटरपर्यंत पोहोचावे लागते. फोनचा प्रक्षेपक बहुधा राउटरपेक्षा अशक्त असतो. दोन भिंतींपलीकडून राउटर ऐकू येतो, पण फोनचे उत्तर वाटेतच विरते, आणि पट्ट्या दिसत असताना पान गोल फिरत राहते. ‘चार अँटेनांचा, जास्त पॉवरचा’ राउटर विकत घेऊनही मागच्या खोलीत फरक पडत नाही, त्याचे एक प्रमुख कारण हे आहे.

दुसरी गोष्ट अशी, की एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. क्षीण संकेतावरील उपकरण सावकाश बोलते व तेवढा वेळ हवा अडवून ठेवते. परसदारी कोणी अर्धवट संकेतावर चित्रपट पाहत असेल, तर राउटरशेजारी बसलेल्यालाही नेट मंद वाटू लागते. म्हणजे घरातील एका कोपऱ्याची दुर्बल व्याप्ती हा त्या कोपऱ्यापुरता प्रश्न उरत नाही.

परिसरातील घरे

वाई, सातारा शहरातील जुन्या पेठा, कऱ्हाड, मिरज आणि सांगलीचा गावभाग येथे काळ्या दगडाच्या जोत्यावर उभे राहिलेले जुने वाडे अद्याप आहेत. त्यांच्या भिंती दोन ते तीन फूट जाडीच्या असतात. बाहेरून घडीव दगड किंवा वीट आणि आत माती व दगडगोट्यांची भर अशी रचना असेल, तर मातीत मुरलेली ओल लहरींची शत्रू ठरते. अशी एक भिंत ओलांडल्यावर ५ गिगाहर्ट्झचा संकेत जवळपास नाहीसा होतो. या वाड्यांत राउटर बहुधा रस्त्याकडील खोलीत असतो, कारण केबल तेथून आत येते, आणि राहती माणसे मात्र आतल्या बाजूला असतात.

तथापि वाड्याच्या रचनेतच यावरचा उपाय आहे. चौसोपी वाड्यातील सगळे सोपे चौकाकडे उघडतात. चौकाला छप्पर नाही, सोप्यांना खांब आहेत पण भिंती नाहीत, आणि आतल्या खोल्यांची दारे लाकडी आहेत. राउटर अथवा दुसरे प्रक्षेपक उपकरण चौकाकडे तोंड असलेल्या सोप्यात, पावसाची झड लागणार नाही अशा उंचीवर तुळईखाली लावले, तर लहरींना जाड भिंत फोडावी लागत नाही. त्या चौकातून आणि दारांतून वळून आत जातात. वाड्यात हवा व उजेड ज्या वाटेने खेळतो तीच वाट वाय-फायलाही सोयीची असते. कोनाड्यात किंवा फडताळात राउटर ठेवण्याची हौस मात्र टाळावी. तीन बाजूंनी दगड आणि चौथ्या बाजूला लाकडी झडप, अशी ती कोठडीच होते.

अलीकडची बहुसंख्य घरे आरसीसी चौकटीची आहेत. येथे विटांच्या भिंतींपेक्षा स्लॅबचा अडथळा मोठा. स्लॅबमधील सळ्यांची जाळी साधारणतः चार ते सहा इंच अंतरावर बांधलेली असते. हे अंतर २.४ गिगाहर्ट्झच्या तरंगलांबीच्या आसपासचे असल्याने लहरी काही अंशी पार होतात, काही अंशी परततात. भेगा पडू नयेत म्हणून वीटकाम आणि कॉलम यांच्या सांध्यावर गिलाव्याखाली मारलेली बारीक कोंबडीजाळी मात्र त्या जागी जवळपास पडद्यासारखी वागते. दुमजली बंगल्यात जिन्याची मोकळी जागा ही वाड्याच्या चौकाची धाकटी बहीण समजावी. जिन्याजवळ छताशी लावलेला राउटर दोन्ही मजल्यांना बऱ्यापैकी पुरतो.

माण, खटाव, आटपाडी व जत या कोरड्या तालुक्यांत दगडमातीची, माळवदाची जुनी घरे आहेत. ती बैठी व लहान असल्याने एक राउटर सहसा पुरतो. पत्र्याच्या घरात आतल्या आत लहरी परावर्तित होऊन संकेत चांगला राहतो, पण भिंतीही पत्र्याच्या असतील तर दाराबाहेर पाऊल टाकताच तो तुटतो. महाबळेश्वर-पाचगणीकडील जांभा दगड सच्छिद्र आहे. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि दगड पाणी धरतो. पावसाळ्यापुरते भिंतींना बाहेरून पत्रे लावले, तर अंगणातील व्याप्ती तेवढ्या महिन्यांसाठी नाहीशी होणे स्वाभाविक आहे.

मोजणी

कोणतीही खरेदी करण्यापूर्वी दोन चाचण्या कराव्यात. पहिली, संगणक लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग पाहणे. तो प्लॅनमध्ये सांगितलेल्या वेगाच्या जवळपास नसेल, तर दोष घराबाहेरचा आहे व तक्रार सेवा पुरविणाऱ्याकडे करावी. केबल नसल्यास राउटरपासून सहा-सात फुटांवर उभे राहून ५ गिगाहर्ट्झवर केलेली चाचणीही कामचलाऊ ठरते. वेग तेथे ठीक असून आत घटत असेल, तरच पुढील उपायांचा विचार करावा.

दुसरी चाचणी संकेताची. अँड्रॉइड फोनवर संकेतशक्ती डीबीएममध्ये दाखविणारी मोफत ॲप मिळतात. आकडा ऋण असतो व शून्याकडे जाईल तितका संकेत सबळ. उणे ५० उत्तम, उणे ६५ ते ६७ पर्यंत व्हिडिओवरील वर्ग किंवा बैठक सुरळीत चालते, उणे ७५ नंतर तुटकपणा येतो आणि उणे ८० च्या पलीकडे जोडणी नावापुरती राहते. वहीच्या कागदावर घराचा साधा आराखडा काढून प्रत्येक खोलीत, दारे बंद करून, आकडा लिहावा. उदाहरणार्थ, दिवाणखान्यात उणे ४५ असेल, शेजारच्या खोलीत उणे ५२ आणि वरच्या मजल्यावर एकदम उणे ७०, तर दोष स्लॅबचा आहे हे कागदच सांगतो. या कामाला अर्धा तास लागतो व पैसा लागत नाही. तरीही ते क्वचितच केले जाते.

उपाय

राउटरची जागा. हा सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक उपाय आहे. फायबर बसविणारा कर्मचारी केबल जेथून घरात येते तेथेच, बहुधा दारामागे, मीटरच्या बोर्डाजवळ किंवा टीव्हीच्या मागे उपकरण लावून जातो. त्याचे काम तेथे संपते व घरमालकाची गैरसोय सुरू होते. बसविण्याच्या दिवशीच घराच्या मध्याशी जागा दाखवून तेथपर्यंत केबल नेण्याचा आग्रह धरावा. फायबर केबल दूर नेल्याने वेग घटत नाही. मात्र ती काटकोनात मुडपू नये, कारण तीव्र वळणावर काचेच्या तंतूतील प्रकाश बाहेर गळतो. वळण हाताच्या मुठीएवढे गोल असावे. राउटर जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, मोकळ्या जागी असावा. लोखंडी कपाट, फ्रीज, आरसा, माशांची काचेची पेटी आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांच्याजवळ नसावा. मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते व ती सुरू असताना २.४ चा पट्टा विस्कळीत होतो.

उभ्या अँटेनेभोवती लहरींचा पसारा मेदूवड्याच्या आकाराचा असतो. आजूबाजूला भरपूर, पण वर आणि खाली थोडा. एकमजली घरात सर्व अँटेना उभ्या ठेवाव्यात. वरच्या मजल्यावरही संकेत हवा असेल, तर त्यांपैकी एक आडवी करून पाहावी.

पट्टा व चॅनेल. बहुतेक नवे राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात व निवड फोनवर सोडतात. फोन कधी कधी हट्टाने चुकीचा पट्टा धरून बसतो. अशा वेळी दोन पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत व लांबच्या खोल्यांत २.४, जवळ ५ असे वापरावे. २.४ च्या पट्ट्यात परस्परांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. दाट वस्तीच्या पेठेत किंवा सांगली-मिरजेतील सदनिकांत शेजाऱ्यांचे दहा-पंधरा राउटर दिसत असतात. त्यांपैकी ज्या चॅनेलवर गर्दी कमी तो निवडावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. खेड्यातील सुट्या घराला या प्रकरणाची फारशी गरज पडत नाही.

तार. बिनतारी जोडणी सुधारण्याचा खात्रीचा मार्ग तार टाकणे हा आहे. विधान उलटे वाटते, पण खरे आहे. ज्या खोलीत संकेत पोहोचत नाही तेथपर्यंत राउटरपासून लॅन केबल न्यावी व टोकाला ॲक्सेस पॉइंट बसवावा. ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ प्रकारची केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग नेते व घरगुती वायरमन ती सहज टाकू शकतो. विजेच्या तारा असलेल्या नळीतून मात्र ती नेऊ नये. घरात पडून असलेला जुना राउटरही हे काम करतो. त्यासाठी त्यातील डीएचसीपी ही पत्ते वाटण्याची सोय बंद करावी, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरहून वेगळा ठेवावा, नाव व पासवर्ड मुख्य राउटरचेच द्यावेत, चॅनेल वेगळा निवडावा आणि केबल त्याच्या लॅन भोकात लावावी. नव्या घराचे बांधकाम चालू असेल, तर प्रत्येक मजल्यावर छताशी एक रिकामी नळी ठेवून देणे सर्वांत शहाणपणाचे. त्या वेळी हा खर्च नगण्य असतो. पुढे भिंत फोडणे कोणालाच नको असते.

रिपीटर व मेश. भिंतीवरील सॉकेटमध्ये खोचण्याचे लहान रिपीटर सर्वाधिक विकले जातात, आणि सर्वाधिक निराशाही त्यांच्याकडूनच होते. एकच रेडिओ असलेला रिपीटर प्रत्येक गोष्ट आधी ऐकतो व मग तीच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. त्याहून मोठी चूक जागेची. संकेत मिळत नाही त्याच खोलीत तो लावला जातो. जे त्याला ऐकूच येत नाही ते तो पुढे काय सांगणार? राउटर आणि ती खोली यांच्या मध्यावर, जेथे उणे ६० ते ६५ इतका संकेत मिळतो, तेथे तो हवा. मेश प्रकारात दोन-तीन उपकरणे एकमेकांशी संगनमत करून एकाच नावाने काम करतात व फोन चालत्या माणसाबरोबर एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे सोपविला जातो. किंमत जास्त आहे. ही उपकरणेही आपसांत केबलने जोडता आली तर उत्तमच. अन्यथा जाड भिंतीच्या वाड्यात मेशलाही तीच भिंत आडवी येते.

शेतावरील वस्ती

सातारा व सांगली जिल्ह्यांत कृष्णा, वारणा, कोयना व येरळा यांच्या काठी अनेक कुटुंबे गावठाणाऐवजी रानातील वस्तीवर राहतात. गावातील घरी फायबर आलेले असते आणि वस्ती, गोठा किंवा द्राक्षबागेजवळचे शेड तेथून पाव-अर्धा किलोमीटरवर असते. एवढ्या अंतरासाठी घरातील राउटर निरुपयोगी आहे. त्यासाठी एकाच दिशेने लहरी पाठविणाऱ्या बाहेरच्या उपकरणांची जोडी मिळते. एक घराच्या गच्चीवर व एक वस्तीवर, समोरासमोर नेम धरून लावतात. वस्तीवरील उपकरणाला पुढे साधा ॲक्सेस पॉइंट जोडला की तेथे स्वतंत्र वाय-फाय तयार होते.

या जोडणीत दृष्टिरेषा मोकळी असणे अत्यावश्यक आहे आणि ती केवळ दोरीसारखी सरळ मोकळी असून भागत नाही. लहरींना वाटेच्या मध्यावर फुगीर जागा लागते. ५ गिगाहर्ट्झवर ५०० मीटरच्या जोडणीसाठी मध्यभागी या जागेची त्रिज्या सुमारे २.६ मीटर भरते व त्यातील किमान साठ टक्के, म्हणजे रेषेच्या खाली दीड मीटरहून थोडी अधिक जागा, रिकामी हवी.

ऊसपट्ट्यातील नेहमीची तक्रार येथेच उगम पावते. ऊस तुटून गेल्यावर उन्हाळ्यात बसविलेली जोडणी उत्तम चालते. लागण वाढू लागली की कमजोर होते आणि पुढच्या तोडीपर्यंत बंद पडल्यासारखी राहते. उपकरण बिघडले या समजुतीने ते बदललेही जाते. वास्तविक तीन मीटर किंवा त्याहून उंच वाढलेला, पाण्याने भरलेला ऊस मध्ये उभा राहिलेला असतो. म्हणून उपकरणाची उंची ठरविताना जमीन न पाहता पूर्ण वाढलेल्या उसाचा शेंडा पाहावा व त्यावर वरील मोकळी जागा धरावी. सपाट रानात दोन्ही टोकांना पाच-साडेपाच मीटर उंचीचा खांब लागतो. बांधावरील आंबा किंवा चिंच वाटेत येत असेल, तर फांदी तोडण्यापेक्षा खांब चार हात सरकविणे बरे.

व्याप्ती घराबाहेर गेली म्हणजे नेटवर्कही घराबाहेर गेले. राउटरवर छापून आलेला पासवर्ड बदलावा व डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ही सुरक्षा ठेवावी.

पाऊस, वीज व पूर

पावसाने रेंज जाते ही समजूत सर्वत्र आहे. वाय-फायच्या पट्ट्यांत काहीशे मीटरच्या अंतरावर पावसाच्या धारांनी होणारी झीज नगण्य असते. दोष बहुधा ओल्या पानांचा, जोडांत शिरलेल्या पाण्याचा, भिजलेल्या भिंतीचा किंवा गेलेल्या विजेचा असतो. राउटर व फायबरचे उपकरण बहुधा १२ व्होल्टवर चालते; त्यासाठी लहान बॅटरी-संच मिळतो व तो वीज गेल्यावर काही तास निभावून नेतो. गावात अन्यत्र वीज गेलेली असताना सेवा चालू राहील की नाही, हे अर्थात पुढील यंत्रणेवर अवलंबून आहे.

एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाबरोबर येणाऱ्या विजा हा खरा धोका आहे. गच्चीवरील धातूच्या खांबाला अर्थिंग द्यावे, केबलवर विजेपासून संरक्षण देणारा जोड बसवावा आणि दोन इमारतींमध्ये तांब्याच्या तारेऐवजी फायबर टाकावी. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही.

कृष्णाकाठच्या वस्त्यांना पुराचाही विचार करावा लागतो. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी तेथे ५७ फुटांच्या वर गेले होते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पूररेषेतील घरात फायबरचे उपकरण, राउटर आणि बॅटरी तिन्ही वरच्या मजल्यावर ठेवावीत व तळमजल्याला केबलने ॲक्सेस पॉइंट द्यावा. पाणी चढू लागल्यावर सामान हलविण्याच्या धांदलीत भिंतीवरचा राउटर कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि बाहेरगावच्या नातेवाइकांना खुशाली कळविण्याची गरज त्याच वेळी सर्वाधिक असते.

मोबाइल संकेताशी संबंध

पाटण, जावळी व महाबळेश्वर तालुक्यांतील डोंगराळ भागात, विशेषतः कोयनेच्या जलाशयाकाठी व कांदाटी खोऱ्यात, मोबाइल मनोऱ्याचा संकेत डोंगरांच्या आड येतो. येथे घरात फायबर पोहोचली असेल, तर वाय-फायवरून फोन करण्याची सोय उपयोगी पडते. ही सोय भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये व जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली. फोनच्या सेटिंगमध्ये ती एकदाच चालू करावी लागते. निराळे ॲप किंवा शुल्क लागत नाही. वृद्ध माणसे एकटी राहतात अशा घरी हे आवर्जून करून द्यावे.

याउलट, बाजारात मिळणारे मोबाइल संकेतवर्धक म्हणजे ‘बूस्टर’ खासगी व्यक्तीने बसविणे बेकायदेशीर आहे. ते मोबाइल कंपन्यांना दिलेल्या परवानाधारी पट्ट्यात प्रक्षेपण करतात व आसपासच्या सर्वांच्या सेवेत व्यत्यय आणतात. भारतीय बिनतारी तारायंत्रण अधिनियम, १९३३ पासून विनापरवाना रेडिओ उपकरण बाळगणे हा अपराध आहे आणि दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्येही अशा उपकरणांवर निर्बंध आहेत. वाय-फायचा रिपीटर आणि मोबाइलचा बूस्टर यांत दुकानदारही गल्लत करतात. पहिला परवानामुक्त पट्ट्यात चालतो, दुसरा नाही.

परिसरातील पूर्वेतिहास

या भागातील ग्रामीण जोडणीचा गाजलेला पहिला प्रयत्न म्हणजे १९९८ मध्ये सुरू झालेला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प होय. वारणा सहकारी समूह, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र व राज्य शासन यांच्या सहकार्याने कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक-केंद्रे उघडण्यात आली. ऊसउत्पादकाला आपल्या उसाची नोंद, वजन व हिशेब गावातच कळावा हा मुख्य हेतू होता. पुढे संगणकांची देखभाल जड जाऊ लागली. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाच्या जागी मोबाइलवरील लघुसंदेशाची पद्धत वापरून पाहिली व त्या प्रयोगाला ‘वारणा अनवायर्ड’ असे नाव दिले. तारेकडून हवेकडे हा प्रवास येथे स्मार्टफोन येण्याच्या आधीच झाला होता.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली व पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेनुसार किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय देता येते.

व्याप्ती मर्यादित ठेवणे

व्याप्ती वाढविण्याइतकाच ती आवरण्याचा प्रश्नही या परिसरात पुढे आला आहे. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम ग्रामसभेने सुरू केला. टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांमुळे मुलांच्या हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, हे त्यामागील कारण होते. जे वर्ग माजघरात नीट ऐकू यावेत म्हणून घरोघरी धडपड झाली, त्यांचाच हा उत्तरार्ध म्हणता येईल.

घरापुरती हीच गोष्ट राउटरच्या सेटिंगमधूनही साधते. ठरावीक वेळी वाय-फाय बंद ठेवण्याची, विशिष्ट उपकरणाला वेळ बांधून देण्याची किंवा प्रक्षेपणाची शक्ती कमी करून संकेत एक-दोन खोल्यांपुरता ठेवण्याची सोय अनेक राउटरमध्ये असते. फोनमधील मोबाइल डेटावर मात्र राउटरचा अंमल चालत नाही.